कंबर कोणी धरली?

अंग दुखतं एकाचं आणि कारण सांगायला पुढे येतं अख्खं घर. कोणी उशीला दोष देतं, कोणी मोबाइलला, कोणी वाताला. कोणी 'ती डोक्यात फार घेते' एवढं म्हणून मोकळं होतं. नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) या यादीत आणखी एका कारणाची भर पडते, ते म्हणजे कष्ट. उत्तरेला प्रवरा आणि मुळेच्या पाण्यावरचा ऊस, कारखाने, दुधाचे गोठे. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा कोरडा टापू. दसरा उलटला की या टापूतली माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात.

पुढच्या संवादातले मामा एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, राहणार पाथर्डी तालुक्यात. भाची लोणीला फिजिओथेरपी शिकली. नगरला सावेडीत तिचा दवाखाना आहे. अंग कामानं दुखतं, असं मामांचं ठाम मत. अर्धं दुखणं मनातून अंगात उतरतं, असं भाचीचं. वाद जुनाच आहे. या वेळी तो जरा लांबला.

मामा : तुझ्या दवाखान्याच्या पाटीवर 'ताणतणावामुळे होणारी अंगदुखी' असं लिहिलंयस. मला ते काही उमगलं नाही. माणूस वाकून काम करतो, कंबर धरते. डोक्यावर ओझं घेतो, मान धरते. यात ताण आला कुठून?

भाची : हिशेब इतका सरळ असता तर बरंच होतं. 1994 मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी 98 माणसांच्या कंबरेचे एमआरआय काढले. या माणसांची पाठ दुखत नव्हती, तक्रार कसलीच नव्हती. तरी त्यांतल्या 64 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गादीत कुठे ना कुठे बिघाड दिसला. आणि माझ्याकडे रोज अशी माणसं येतात की फोटो स्वच्छ, पण खाटेवरून उठताना डोळ्यांत पाणी येतं.

मामा : मग त्यांचं दुखणं खोटं म्हणायचं का?

भाची : मुळीच नाही. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये दुखण्याची व्याख्या सुधारली. दुखणं हा शरीराबरोबर भावनेचाही अनुभव आहे, असं त्या व्याख्येत आहे. आणि एखाद्यानं दुखतंय म्हटलं तर त्याचा मान राखायचा, हेही सोबत लिहिलंय. फोटोत काही नाही म्हणून पेशंटला परत पाठवणारे चुकतात, आणि फोटोत गॅप दिसली म्हणून त्याला जन्मभर घाबरवून ठेवणारेही चुकतात.

मामा : हे सगळं खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी ठीक आहे. माझी नोकरी उसाच्या फडात गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो बुडाशी वाकून ऊस तोडतो, शेंड्याचं वाढं छाटतो. ती पाचट सोलते, ऊस गोळा करते, वाढ्यानंच मोळी आवळते. गाडी डोक्यावरून भरायची, म्हणजे डोकी सेंटर असेल तर ती 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला. फळी हलते, पायाखाली चिखल, अंगाला पाचटाची कुसं. आता मला सांग, कोणत्या भावनेनं त्या बाईची मान दुखते?

भाची : त्या बाईशी मी वाद घालणार नाही. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेनं 1991 मध्ये वजन उचलण्याचं सूत्र सुधारलं. सगळी परिस्थिती अनुकूल असेल, वजन अंगाजवळ असेल, वळावं लागत नसेल, तरीही ते सूत्र 23 किलोच्या वर जात नाही. तुमची मोळी आणि ती हलणारी फळी त्यात बसवायला गेलं तर आकडा कितीतरी खाली येईल. ओझ्यानं अंग मोडतं हे मला मान्यच आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. एकाच टोळीत, सारख्याच मोळ्या वाहून, एक बाई दोन दिवसांत कामाला लागते आणि दुसरीची कंबर सहा महिने सुटत नाही. असं का?

मामा : एकीचं हाड चांगलं, दुसरीचं कच्चं.

भाची : ते एक झालं. दुसरं ऐका. अमेरिकेत विमानं बनवणाऱ्या बोइंग कारखान्यातल्या 3,020 कामगारांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. 1991 मध्ये निष्कर्ष छापून आले. काम जवळजवळ कधीच आवडत नाही असं सांगणाऱ्यांमध्ये पाठीच्या तक्रारीचं प्रमाण काम जवळजवळ नेहमीच आवडतं म्हणणाऱ्यांच्या अडीच पट निघालं.

मामा : अगं, ऊस तोडायला आवडतं तरी कोणाला? तुझ्या हिशेबानं अख्खी टोळी आडवी व्हायला हवी.

भाची : (हसत) हा मुद्दा बरोबर आहे. तो अभ्यास ऊसतोडीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मनाची अवस्था दुखण्याला वाट करून देते, एवढं त्यातून दिसतं. 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असं मांडलं की अंगातून निघालेली कळ मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत तिला अडवलं जातं किंवा पुढे सोडलं जातं, आणि तो निर्णय काही अंशी मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांवर ठरतो. त्या मांडणीत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य गोष्ट टिकली.

मामा : आता हे मी पाहिलंय. कोयता पायाला लागलेला असतो, रक्त येत असतं, आणि मोळी बांधून होईपर्यंत माणसाला पत्ता नसतो. कोपीवर, आपल्या झोपडीत, येऊन बसला की मग ठणका सुरू.

भाची : बघा, माझी साक्ष तुम्हीच दिलीत. धोका, घाई असली की मेंदू कळ दाबून धरतो. याच्या उलटही होतं. भीती, काळजी, अपमान महिनोन्महिने आत राहिला तर हीच यंत्रणा हळवी होते आणि एरवी सोसली असती ती कळ सोसत नाही. झोप मोडली तर आणखी वाईट. नीट झोप न झालेल्या माणसाला तेवढीच कळ दुसऱ्या दिवशी जास्त लागते.

मामा : म्हणजे सवयीचा काही दोष नाही? पोरं दिवसभर मोबाइलवर मान खाली घालून बसतात, तेही चालतं का?

भाची : सवयीचा दोष आहेच, पण आपण समजतो तसा नाही. 'सरळ बस, पाठ ताठ ठेव' हे लहानपणापासून ऐकवतात. पण ताठ बसून चार तास हलला नाहीत तरी पाठ दुखणारच. त्रास एकाच स्थितीत अडकून राहण्याचा आहे. मांडी घालून बसा, पाय सोडून बसा, टेकून बसा, फक्त बदलत राहा. नगर शहरातल्या विडी वळणाऱ्या बायका आठवा.

मामा : पद्मशाली वस्तीतल्या? लहानपणापासून पाहतोय.

भाची : मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, दोन्ही अंगठ्यांनी वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं. वजन काहीच नाही. पण नजर बोटांवर, मान खाली, खांदे थोडे उचललेले, आणि हे तासन् तास. 1991 मध्ये स्वीडनच्या योरान हेग यांनी अशा हलक्या कामातल्या खांदेदुखीबद्दल एक कल्पना मांडली. स्नायूतले काही बारीक तंतू काम सुरू झालं की सर्वांत आधी जागे होतात आणि काम थांबेपर्यंत सुटत नाहीत. घरातल्या धाकट्या सुनेसारखे : सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर निजायचं. ओझं हलकं असलं तरी त्यांना विसावा नसतो, म्हणून झिजतात ते. आणि मनावर ताण असला की हातांना काम नसतानाही खांद्याचे स्नायू पूर्ण सैल होत नाहीत. मामा, इथं सवय आणि भावना एकाच स्नायूवर येऊन बसतात.

मामा : मग ती बाई मध्ये उठत का नाही? तू सांगतेस ना तिला, उठ म्हणून?

भाची : सांगते. दर अर्ध्या तासानं उठा, खांदे फिरवा.

मामा : आणि ती उठते?

भाची : नाही उठत.

मामा : कशी उठेल? पैसे हजार विड्यांमागे मिळतात. शिवाय माल तपासताना छाट निघाली, म्हणजे विड्या नापास झाल्या, की तेवढी मेहनत पाण्यात. ती उठली की आकडा मागे पडतो. तुला तिच्या खांद्यात ताण दिसतो. मला तिथं दर दिसतो. ऊसतोडीतही तेच. टनावर मजुरी. वर मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत थांबायची सोय नाही. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले, चांगलं झालं, पण मजुरी टनावर ती टनावरच. मग बाई मेडिकलमधून गोळी आणते आणि कोयता उचलते.

भाची : ती गोळी हा वेगळाच धोका आहे. उन्हात घाम गाळायचा, आडोसा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं आणि वरून रोज वेदनाशामक गोळी. मूत्रपिंडावर याचा थेट मारा होतो.

मामा : गोळीनं भागलं नाही की माणूस कुठवर जातो ते बीडमध्ये दिसलं. 2019 मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोटात दुखतंय, अंगावरून जातंय, कंबर सुटत नाही, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायका. दर महिन्याचा खाडा नको, हेही कारण त्या वेळी अनेकींनी बोलून दाखवलं. यात सवय कोणती आणि भावना कोणती, वेगळं करून दाखव मला.

भाची : (थांबून) नाही दाखवता येणार.

मामा : म्हणून तुमच्या 'ताणतणाव' शब्दाची मला धास्ती वाटते. एकदा का दुखणं मनाचं ठरलं, की मोळी किती किलोची आणि फळी कशी, हे कोणी विचारतच नाही. बाईलाच सांगायचं, तू विचार कमी कर.

भाची : पटलं. आता मी एक विचारू? मामींची मान दिवाळीपासून दुखते. तुम्ही मला काय सांगितलंत? 'आयुष्यभर गवताचे भारे वाहिले, तेच बाहेर पडतंय.'

मामा : खरंच आहे ते.

भाची : खरं आहे. पण भारे त्या पूर्वीही वाहत होत्या. दिवाळीत असं काय झालं की मान फिरेनाशी झाली?

मामा : काय झालं?

भाची : वाटणीची नोटीस आली. धाकट्या मामांचं आणि तुमचं बोलणं बंद झालं. भाऊबीजेला त्यांच्याकडून कोणी आलं नाही. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत, आणि मामींनी त्या जावेबरोबर अख्खा संसार केला. मी मान तपासत होते तेव्हा त्या दात आवळून बसल्या होत्या. 'मामी, जबडा सैल सोडा' म्हटलं तर त्यांना तो सोडताच येईना. रात्री दात खातात, असं तुमची सूनच म्हणाली. मानेचे, जबड्याचे आणि खांद्याचे स्नायू एकमेकांशी बांधलेले असतात, मामा.

मामा : म्हणजे तिच्या मानेला मी जबाबदार?

भाची : तसं नाही म्हणत मी. पण भाऱ्याचं कारण तुम्हाला सोयीचं आहे. भारा हा नशिबाचा, गरिबीचा, गेलेल्या दिवसांचा. त्यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही. नोटिशीचं कारण मानलं तर भावाच्या उंबऱ्यावर जावं लागेल.

मामा : (बऱ्याच वेळानं) मग तुझं कारणही तुला सोयीचंच आहे, पोरी. ताण म्हटलं की तुझं काम दवाखान्यात भागतं. श्वासाचे व्यायाम शिकवलेस की झालं. मजुरी म्हटलीस तर तुला मुकादमाशी, कारखान्याशी बोलावं लागेल. फडात यावं लागेल.

भाची : हे मला लागलं. पण खरं आहे. आपण सगळेच असं कारण निवडतो, ज्याचा खर्च दुसऱ्यावर पडेल. मालक म्हणतो, तिची बसण्याची पद्धत चुकीची. नवरा म्हणतो, कामाचं ओझं. डॉक्टर म्हणतो, टेन्शन. प्रत्येकाचं थोडं खरं असतं, आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याचं तेवढं वगळून सांगतो.

मामा : आता मुद्द्यावर आलीस. आपल्या जिल्ह्यात एका जोडप्यानं याच्या उलट रीत दाखवली होती. जामखेडला रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. लोकांना आधी औषध नको होतं, अन्न आणि पाणी हवं होतं. त्यांनी ते मानलं. कूपनलिका घेतल्या. गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझं मत विचारशील तर, हापसा दारात आला तेव्हा जेवढ्या माना वाचल्या तेवढ्या कोणत्याही मलमानं वाचल्या नसतील.

भाची : आणि त्या सेविका गावातल्याच होत्या, ही गोष्ट माझ्या बाजूची धरा. कोणाच्या घरात पाणी दुरून आणतात आणि कोणाच्या घरात नवरा हात उगारतो, दोन्ही त्यांना माहीत असणार. पोटात दुखतंय म्हटल्यावर काय विचारायचं हे त्यांना शिकवावं लागलं नसेल.

मामा : बरं, मग लोकांनी करायचं काय? प्रत्येकानं मुकादमाशी भांडायचं की भावाशी समेट करायचा?

भाची : आधी घाबरायचं सोडायचं. कंबर धरली की आपल्याकडे माणसाला खाटेवर घालतात. 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या 203 रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. सात दिवस झोपलेल्यांचा जास्त फायदा झाला नाही, कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. दुखण्याच्या भीतीनं हालचाल बंद केली की स्नायू आणखी आखडतात आणि भीती वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, मानसोपचार यांवर त्यांचा भर आहे. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट देऊ नका, असं त्यात म्हटलंय.

मामा : आपल्याकडं तर पट्टा नसेल तर इलाज झाल्यासारखं वाटत नाही.

भाची : आणि एक सांगते, कारण मनाचं मनाचं म्हणता म्हणता खरा आजार निसटतो. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणं, रात्री पडूनही न थांबणारी कळ. यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही, मोठा दवाखाना गाठायचा. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून दिसतो. सकाळी सांधे अर्धा-पाऊण तास आखडलेले, सुजलेले असतील तर तो संधिवात असू शकतो. आणि छातीतून डाव्या हातात कळ गेली तर 'उसण भरली' म्हणून चोळत बसायचं नाही.

मामा : हे ठीक. पण विडीवाली बाई? तिला काय सांगशील आता?

भाची : 'दर अर्ध्या तासानं उठा' हे बंद. तिला परवडेल ते सांगेन. सगळी पानं एकदम कातरून मग सगळ्या विड्या वळण्याऐवजी थोडं कातरा, थोडं वळा; हाताची ठेवण बदलते आणि आकडाही घटत नाही. पाठ भिंतीला टेका. सुपाखाली उशी घ्या, म्हणजे मान कमी वाकते. आणि दवाखान्याचा पहिला कागद बदलणार आहे. 'काय काम करता' याच्या खाली विचारणार : पैसे कशावर मिळतात, दिवसावर, नगावर की टनावर? उचल किती बाकी? रात्री जाग कशानं येते?

मामा : लिहून घेशील. दर तर वाढणार नाही.

भाची : नाही वाढणार. पण अशा दोनशे कागदांवर एकच उत्तर निघालं तर ते घेऊन तुमच्या कारखान्यात तरी जाता येईल. तिथं ओळख तुमची आहे. फळीचा उतार कमी करणं, तिला आडव्या पट्ट्या ठोकणं, रात्रीची भरणी थांबवणं, एवढं तरी बोला.

मामा : फळीचं बोलता येईल. रात्रीच्या भरणीचं अवघड आहे, कारखान्याच्या गव्हाणीला ऊस कमी पडला की सगळे ओरडतात. आणि यंत्रानं तोडणी वाढली की कंबरही सुटेल आणि मजुरीही जाईल, ते वेगळंच.

भाची : आणि मामींचं?

मामा : भारा उद्यापासून मी आणतो, नाहीतर मोटारसायकलवर टाकून आणू. उरली वाटणी. बांधाचे चार फूट सोडले तर धाकटा सही करायला तयार आहे, हे मला माहीत आहे. तू तुझा कागद बदल, मी वाटणीच्या कागदावर सही करतो. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. तिची मान सुटलीच, तर ती सहीनं सुटली की भारा उतरल्यानं, यावर आपण पुन्हा भांडायचं.

भाची : भांडू. तोवर दोन्ही करून बघा.